बोट सरकवा, बाराखडी उमटवा!

मंडळी, मोबाईलवर ‘ढोकी’ लिहून बघा. ढ, मग मात्रा, मग क, मग वेलांटी. दोन अक्षरांना चार टिचक्या! इंग्रजी अक्षरांत तर पाच लागतात, तरी आपण तेच करतो. कारण तिथली बटणं डोळे मिटून सापडतात, मराठीतली शोधावी लागतात.

पण इंग्रजी न शिकलेल्या आजीचं काय? ती पेपर घडाघडा वाचते, आणि नातवाला मेसेज करायचा तर व्हॉइस नोटच!

याच अडचणीवर मुंबईच्या ‘आयआयटी’तल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या टीमने ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड तयार केला. 2013 च्या सुमारास तो अँड्रॉइडवर मोफत आला. त्यात बटणं शाळेतल्या मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत. ‘ढ’वर बोट ठेवलं की भोवती ढा, ढि, ढी, ढोचं चक्र उमटतं. बोट न उचलता ‘ढो’कडे सरकवायचं आणि सोडायचं. झालं! ‘धाराशिव’ला सात टिचक्यांऐवजी चार स्पर्श पुरतात. चक्रातून अक्षराचा पाय मोडला, की पुढची जोडाक्षरं बटणांवरच दिसतात.

असं चक्र आपल्यालाही बनवता येईल? नक्कीच! अँड्रॉइड तीन गोष्टी सांगतं: बोट कधी टेकलं, कुठे सरकलं, कधी उचललं. टेकल्याची जागा हा केंद्रबिंदू. तिथून बोट किती अंशांत सरकलं, ते बारावीच्या त्रिकोणमितीने काढायचं. दहा भाग केले, तर प्रत्येकाला 36 अंश. बोट फारसं हललंच नाही, तर नुसता ‘ढ’. फक्त एक लक्षात ठेवा, स्क्रीनवर ‘वाय’ अक्ष खाली वाढतो, नाहीतर चक्र उलटं फिरेल राव!

खरी मेहनत पुढे आहे. बोटाखाली अक्षर झाकलं जातं, म्हणून ते वरही दाखवावं लागतं. कडेच्या बटणांचं चक्र स्क्रीनबाहेर जातं, ते आत ओढावं लागतं. आणि तयार बटणांचं नाव ‘टॉकबॅक’ अंध मित्रांना वाचून दाखवतं. आपण स्वतः रेखाटलेल्या चक्राची नावं आपणच द्यायची. विसरलात, तर त्यांच्यासाठी तो कोरा पडदाच.

ॲप तयार झालं, की एकच परीक्षा. फोन आजीच्या हातात द्या आणि गप्प बसा. ती जिथे अडेल, तिथे चूक आजीची नसते, आपल्या डिझाइनची असते.