पोटातला पडदा पायाच्या जखमेवर



नडगीच्या खालच्या भागावर, घोट्याच्या थोडं वर, बोट दाबून पाहा. कातडी, की लगेच हाड. मांडीला आणि पोटरीला मांसाची गादी असते, तशी तिथं नाही. म्हणून अपघातात तिथली कातडी गेली की हाड उघडं पडतं. त्यावर मांडीची पातळ कातडी आणून लावली तरी ती जगत नाही. कातडीला खालून रक्त लागतं, आणि वरचा पापुद्रा गेलेलं कोरडं हाड ते देऊ शकत नाही. मग पू होतो, हाड कुजायला लागतं आणि एक दिवस डॉक्टर पाय कापण्याची गोष्ट काढतात.

तसं होण्याआधी सर्जन शरीराच्या दुसऱ्या भागातला जिवंत तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून जखमेवर बसवतात. बहुधा तो मांडीचा किंवा पाठीचा असतो. पण कधी कधी तो पोटातून घेतात, आणि हे फार लोकांना ठाऊक नसतं.

आपल्या जठराच्या खालच्या काठापासून आतड्यांवर चरबीचा एक पडदा ॲप्रनसारखा लोंबत असतो. डॉक्टर त्याला ओमेंटम म्हणतात, शास्त्रीय मराठीत वपा. बकऱ्याचं पोट साफ करताना जाळीदार पांढरी चादर निघते ना, तीच. तोरानं वर्ज्य केलेली आतड्यांवरची चरबी ती हीच, तेव्हा आपण ती खाल्ली नसेल, पण कोकणात वाढलेल्यांनी पाहिली नक्की असेल. अपेंडिक्स सुजलं किंवा आतड्याला छिद्र पडलं की हा पडदा तिथं जाऊन चिकटतो, रोग पसरू देत नाही. रदरफर्ड मॉरिसन नावाच्या इंग्रज सर्जननं त्याला पोटातला पोलीस म्हटलं होतं. त्यात रक्तवाहिन्या दाट असतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे पुंजकेही असतात. म्हणूनच पू झालेल्या जखमेत तो कामाला येतो.

1972 साली मॅक्लीन आणि बंकी या अमेरिकन डॉक्टरांनी हा पडदा एका रुग्णाच्या डोक्यावरच्या जखमेवर बसवल्याची हकीकत छापली. पुढे हातापायांसाठीही तो वापरला जाऊ लागला. आता पुष्कळदा दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे तो काढता येतो. दोन-तीन मिलीमीटरची धमनी आणि शीर पायातल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं शिवतात. वाकड्यातिकड्या खोल जखमेत तो मळलेल्या कणकेसारखा कोपऱ्याकोपऱ्यात बसतो. वरून मांडीची पातळ कातडी.

डॉक्टरांचं काम झालं की आम्हा नर्सेसचं सुरू होई. पहिले दोन दिवस दर तासाला डॉप्लर नावाचं यंत्र लावून रक्ताचा आवाज ऐकायचा. नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. आवाज क्षीण झाला की रात्रीचे तीन वाजले असले तरी सर्जनला उठवायचं, कारण रक्ताची गुठळी काही तासांत काढली नाही तर सगळी मेहनत फुकट. खोली उबदार हवी, पाय उशीवर हवा. खाली सोडायचा तो बऱ्याच दिवसांनी, तोही सुरुवातीला पाच-पाच मिनिटं. आणि सिगारेट बंद म्हणजे बंद, तिनं रक्तवाहिन्या आकसतात. भेटायला येणाऱ्या भावाबंदांच्या खिशातून मी पाकिटं काढून घेतली आहेत!

आपल्याच समाजातल्या एका रुग्णाच्या बायकोनं मला विचारलं होतं, "सिस्टर, ही चरबी काढल्यावर यांना जेवण कसं पचणार?" प्रश्न रास्त होता. पचनाला हा पडदा लागत नाही, तो नसतानाही माणूस नेहमीसारखा जेवतो. धोका वेगळा आहे. पायासाठी पोटात हात घालायचा म्हणजे हर्निया, आतून रक्तस्राव, आतडी चिकटून अडणं यांची शक्यता आली. म्हणूनच मांडीचा किंवा पाठीचा तुकडा पुरणार असेल तर सर्जन सहसा तोच घेतात.

त्या गृहस्थांचा पाय राहिला. पण काठीशिवाय चालायला वर्ष गेलं, आणि चप्पल सुटली ती कायमची. खास बूट करून घ्यावे लागले. त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या एकानं गुडघ्याखाली पाय कापून घेणं पसंत केलं आणि तो कृत्रिम पायावर यांच्याआधी चालू लागला. त्याला मी हार मानत नाही. नसाही चिरडल्या असतील, तळव्याला स्पर्शच कळत नसेल, तर वाचवलेला पाय नुसतं ओझं होऊ शकतो. हे सर्जनला आधीच स्पष्ट विचारावं: पाय वाचला तर मी त्यावर उभा राहीन का?

आणि पोटाची जुनी ऑपरेशनं सांगायला विसरू नका. सिझेरियन, अपेंडिक्स, पित्ताशय, मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी झालेलं असलं तरीही. त्यानं हा पडदा आत चिकटलेला असू शकतो. कागद नसले तर पोटावरचे व्रण दाखवा. आई-बाबांना हिब्रू नीट येत नसेल तर मुलानं किंवा सुनेनं बरोबर जावं.