विश्लेषण : ‘एंट्री’ म्हणजे प्रवेश की नोंद?

‘सातबाऱ्याला एंट्री पडली का?’ आणि ‘मुलाला विमानतळावर एंट्री मिळाली ना?’ हे दोन्ही प्रश्न एकाच घरात, एकाच दिवशी विचारले जाऊ शकतात. शब्द एक, अर्थ मात्र वेगळे. पहिल्या प्रश्नातली एंट्री म्हणजे नोंद, दुसऱ्यातली प्रवेश.

शब्द एकच का?

आत जाणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. माणूस दारातून आत जातो, तशी रक्कम वहीत जाते. म्हणून तीही एंट्री. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात मांडलेली हिशेबाची ‘डबल एंट्री’ पद्धत मराठीत ‘द्विनोंदी’ झाली, ‘द्विप्रवेशी’ नाही. स्पर्धेला पाठवलेली एकांकिका मात्र ‘प्रवेशिका’. अर्थात मराठीही काही कमी नाही. आपल्या नाटकात ‘प्रवेश दुसरा’ म्हणजे कोणाचे आत येणे नव्हे, तर अंकाचा एक भाग.

भारतीय राज्यघटनेत तर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. सातव्या अनुसूचीतील प्रत्येक विषयाला इंग्रजीत एंट्री म्हणतात. राज्यसूचीतील ५२ वी एंट्री होती स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालाच्या एंट्रीवरील कराची! जकातीचा आधार हाच. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती वगळली गेली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईच्या वेशीवरची जकातही संपली.

व्हिसावरची एंट्री काय सांगते?

इथे चूक महागात पडते. शेंगेन व्हिसावर किती वेळा आत येता येईल, तो आकडा छापलेला असतो. तो ‘०१’ असेल आणि प्रवासी पॅरिसहून लंडनला गेला, तर त्याची एकमेव एंट्री वापरून झाली. कारण ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही. परतीचे विमान पॅरिसहून असले, तरी त्या व्हिसावर पुन्हा फ्रान्समध्ये शिरता येत नाही. ‘मल्टिपल एंट्री’ असली म्हणजे हवे तितके राहता येते, असेही नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कायम राहते. अमेरिकेचा व्हिसा तर फक्त दारापर्यंत नेतो. आत घ्यायचे की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो आणि मुक्कामाची मुदत व्हिसावरच्या नव्हे, तर ‘आय-९४’ नोंदीतील तारखेवरून ठरते. म्हणजे इथेही प्रवेशाला शेवटी नोंदच लागते.

आणि सातबाऱ्यावरची?

जमिनीचा व्यवहार किंवा वारसाहक्काचा फेरफार गाव नमुना सहामध्ये नोंदवला जातो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एवढे झाले की जमीन नावावर झाली, असा समज सर्रास आढळतो. कायद्याने ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, हे बरोबर. पण महसुली नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. हक्क येतो तो खरेदीखत, वाटणी, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून आणि त्यावर वाद झाला तर निवाडा दिवाणी न्यायालयात होतो. भावाने आपले नाव वगळून वारसनोंद केली म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. मात्र नोटीस आली असेल, तर ते १५ दिवस तिने वाया घालवू नयेत.