वाशिष्ठीचा गाळ मोजा, लॅपटॉपवर!

अलोरे-पोफळीकडचे असाल तर वाशिष्ठीचा रंग तुम्हाला पाठच असेल. हिवाळ्यात हिरवट, जुलैत थेट चहासारखा. हा चहा म्हणजे पाण्यात तरंगणारा गाळ. चिपळूण, गोवळकोट करत तो दाभोळला समुद्रात शिरतो. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये गाळ हा घराघरातला विषय झाला. तो काढण्यासाठी आंदोलनं झाली, नदीत पोकलेन उतरले. पण पाण्याबरोबर गाळ वाहतो किती? हे तुम्हीही मोजू शकता.

फुकट आहे, बघा तर!

युरोपियन स्पेस एजन्सीचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात. त्यांच्या फोटोतला एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे खाडीसुद्धा नीट दिसते. ‘कोपर्निकस ब्राउझर’वर हे फोटो मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला आपल्या इस्रोचा ओशनसॅट-३ समुद्राचा रंगच टिपतो. पण त्याचा पिक्सेल सुमारे ३६० मीटरचा. खुल्या समुद्राला तो उत्तम, खाडीला नाही.

लॉजिक सोपं आहे. स्वच्छ पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, गाळाचे कण तो परत फेकतात. त्यामुळे लाल बँडमध्ये गढूळ पाणी चमकतं. गाळ खूपच असेल तर लाल बँडला फरक कळेनासा होतो. मग निअर-इन्फ्रारेड बँड घ्यायचा.

इथे गंडू नका

पहिली अडचण ढगांची. गाळ येतो पावसाळ्यात आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं. दुसरी भरती-ओहोटीची. उपग्रह येतो सकाळी अकराच्या सुमारास, पण भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून दोन तारखांचे फोटो शेजारी ठेवण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा, नाहीतर ओहोटीचा गढूळपणा पुराच्या नावावर खपेल. तिसरी गोष्ट, उपग्रहाला दिसतो तो वरच्या थरात तरंगणारा गाळ. तळाशी किती साचलाय, ते होडीतूनच मोजावं लागतं.

बाटली हवीच

फोटो रंग सांगतो, मिलिग्रॅम नाही. त्यासाठी उपग्रह येणार त्या दिवशी, त्याच वेळेला पाणी भरून आणायचं. दाभोळ-धोपावे फेरीबोट त्यासाठी मस्त. खाडीच्या मधोमधचं पाणी मिळतं. आधी वजन केलेल्या फिल्टर पेपरमधून एक लिटर पाणी गाळा, पेपर १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे लिटरमागे गाळ. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ओव्हन आणि अचूक तराजू असतातच. असे पंधरा-वीस नमुने झाले की पिक्सेलचे आकडे आणि बाटलीचे आकडे एकाच ग्राफवर मांडा. हा ग्राफ तुमच्या खाडीचा. दुसरीकडचा आणून चालत नाही.

पाऊस सरला, आकाश मोकळं झालं की सुरुवात करा. ज्युनिअर बॅचला फाइल सोपवून जा. चार-पाच वर्षांची नोंद हातात असेल, तर गाळावरच्या पुढच्या बैठकीत तुम्ही अंदाज नाही, आकडा सांगाल.