डेव्हनपोर्टच्या टेकडीवरचा माइक

१९३२ साली, ऐन महामंदीत, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण नोकरी शोधत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट शहरी आला. ‘डब्ल्यूओसी’ रेडिओ केंद्राचे कार्यक्रमप्रमुख पीटर मॅकार्थर यांनी त्याला माइकसमोर उभं केलं आणि समोर नसलेल्या फुटबॉल सामन्याचं धावतं वर्णन करायला सांगितलं. त्याने ते इतकं रंगवलं, की पाच डॉलर आणि बसभाड्यावर त्याला खऱ्या सामन्याचं काम मिळालं. हा तरुण म्हणजे रोनाल्ड रेगन. ते केंद्र ज्या इमारतीच्या माथ्यावर होतं, तिच्यात खालच्या मजल्यांवर मणक्यांवरचे उपचार शिकवले जात. मॅकार्थर स्वतः संधिवाताने जखडलेले. उपचारासाठी डेव्हनपोर्टला आले आणि निवेदक होऊन तिथेच राहिले.

केंद्राचे मालक होते बार्टलेट जोशुआ पामर. सगळे त्यांना ‘बी. जे.’ म्हणत. पेशा कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातांनी मणके दाबून उपचार करणाऱ्याचा. आज पुण्या-मुंबईत मोबाइलवर मान कडकड मोडण्याचे व्हिडिओ लोक आवडीने पाहतात आणि हा पेशा म्हणजे तेवढाच, असं समजून चालतात. पण तो उभा राहिला तो उपचाराच्या टेबलापासून लांब: कोर्टात, छापखान्यात, वर्गात आणि माइकसमोर.

त्याला कारण होतं. बी. जें.चे वडील डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये डेव्हनपोर्टच्या एका इमारतीतला बहिरा कामगार हार्वी लिलार्ड याच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. मणक्याचा आणि ऐकण्याचा असा संबंध आजचं शरीरशास्त्र मानत नाही. पण त्या दाव्यातून शाळा निघाली, विद्यार्थी आले, आणि मागोमाग खटलेही आले. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल डी. डी. स्वतः तुरुंगात गेले. शाळा विशीतल्या मुलाच्या हाती आली.

बी. जें.नी सर्वांत आधी बचावाची सोय केली. त्याच वर्षी कायरोप्रॅक्टरांची एक संघटना निघाली, तिचं मुख्य काम सभासदांचे खटले लढवणं. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस इथे शेगातारो मोरिकुबो या जपानी पदवीधरावर परवान्याविना ऑस्टिओपॅथी (हाडांवर-सांध्यांवर हातांनी उपचार करणारी दुसरी पद्धत) केल्याचा आरोप आला. कायरोप्रॅक्टिक हे वेगळंच शास्त्र आहे, असा युक्तिवाद वकील टॉम मॉरिस यांनी केला आणि ज्यूरीने मोरिकुबोंना सोडून दिलं. पुढे कितीतरी वर्षं हाच युक्तिवाद या पेशाची ढाल होता. १९१३ मध्ये कॅन्ससने या पेशाला परवाना देणारा पहिला कायदा केला; लुइझियानाने सर्वांत शेवटी, १९७४ मध्ये.

शाळेत बी. जें.नी १९१० मध्येच क्ष-किरण यंत्र आणलं. पाठीच्या कण्यांचा प्रचंड संग्रह जमवला. शरीररचना शिकवायच्या त्या त्यांच्या पत्नी मेबल. १९१८ मध्ये त्यांचं पाठ्यपुस्तकही आलं. या बाईंचं नाव नवऱ्याच्या गाजावाजात मागे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. विद्यार्थ्यांच्या हातांना शरीर समजावण्याचं काम त्यांचं होतं.

रेडिओ आला १९२२ मध्ये. पामर यांनी नवं केंद्र विकत घेऊन टेकडीवरच्या शाळेत हलवलं. ‘डब्ल्यूओसी’चा अर्थ ‘वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक’ असा लावला गेला. पण केंद्र टिकलं ते संगीत, हवामान, बाजारभाव, सामने यांच्या जोरावर. हा भेद महत्त्वाचा आहे. मिसिसिपीच्या काठी जवळच असलेल्या मस्कटीनमध्ये नॉर्मन बेकर स्वतःच्या केंद्रावरून कर्करोगावरचा आपला इलाज विकत असे. १९३१ मध्ये रेडिओ आयोगाने त्याचा परवाना नाकारला आणि पुढे फसवणुकीबद्दल तो तुरुंगात गेला. कॅन्ससमध्ये बकऱ्याच्या ग्रंथी माणसांत बसवणाऱ्या जॉन ब्रिंकलीचं केंद्र त्याआधीच बंद झालं होतं. पामर मात्र १९३० मध्ये डे मॉइनचं ‘डब्ल्यूएचओ’ केंद्रही घेऊन बसले. शेतकऱ्याला रोजच्या उपयोगाचं काही तरी देणारा मालक सरकारलाही सहज हटवता आला नाही, असं मला वाटतं.

त्यांच्यातल्या विक्रेत्यानेच मात्र त्यांचं नुकसानही केलं. १९२४ मध्ये त्यांनी ‘न्यूरोकॅलोमीटर’ पुढे आणला: कण्याच्या दोन्ही बाजूंच्या उष्णतेतला फरक दाखवणारं उपकरण. ते विकायचं नाही, जबर भाड्याने द्यायचं, आणि त्याविना खरा उपचार नाही, असा आग्रह. ज्यांनी वर्षानुवर्षं नुसत्या हातांनी काम केलं, त्यांना हे कसं रुचावं? विद्यार्थी घटले. जवळचे शिक्षक सोडून गेले आणि १९२६ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसला लिंकन कॉलेज काढलं. त्या शिक्षकांचं मला बरोबर वाटतं. आपल्याच लोकांच्या हातांवर कर बसवणं हा पेशाशी द्रोह होता.

१९६१ मध्ये बी. जे. वारले. एव्हाना आयोवातलं पहिलं दूरचित्रवाणी केंद्रही पामर यांचंच होतं. १९४९ मध्ये ते सुरू झालं. पुत्र डेव्हिड यांनी शाळेचं ‘पामर कॉलेज’ केलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमून या पेशाला एकटं पाडायला घेतलं. चेस्टर विल्क आणि इतरांनी १९७६ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी तो बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. निकालाने बहिष्कार बेकायदा ठरला, उपचार सिद्ध झाले नाहीत.

उपचार तपासण्याचं ते काम आता त्याच डेव्हनपोर्टमधले संशोधक करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत कंबरदुखी असलेले ७५० अमेरिकन सैनिक होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला सहा आठवडे कायरोप्रॅक्टिक. दुसऱ्या गटाची वेदना आणि अडचण मध्यम प्रमाणात अधिक कमी झाली. कोणाला काय मिळतंय हे सैनिकांपासून लपवणं शक्य नव्हतं, त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. बहिरेपणाबद्दल त्या चाचणीत काहीच नव्हतं. प्रश्न कंबरेपुरता होता, आणि उत्तरही तेवढंच दिलं गेलं.