सुरांची हजेरी

थोर माणूस गेला की आपण त्याच्या फोटोला हार घालतो, दोन मिनिटे उभे राहतो आणि भाषणे ऐकतो. गवयांच्या आणि वादकांच्या जगात मात्र एक वेगळी रीत आहे. तेथे पुण्यतिथीला भाषण नसले तरी चालते, पण गाणे हवेच. याला 'हजेरी लावणे' म्हणतात. वर्गात आपण 'हजर' म्हणतो, तसाच कलावंत आपल्या गुरूपुढे सुरांनी हजर राहतो. अशा हजेरीची एक परंपरा आपल्या नल्लकुंट्याला अगदी लागून, अंबरपेठशी जोडलेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मेवाती घराण्याचे गायक पंडित मोतीराम १९३४ साली हैदराबादेत वारले. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दरबारी त्यांची गायक म्हणून नेमणूक व्हायची होती. ज्या दिवशी ती व्हायची, त्याच दिवशी त्यांचे निधन झाले असे सांगतात. त्या वेळी त्यांचा धाकटा मुलगा अवघा चार वर्षांचा होता. हा मुलगा म्हणजे पुढे जगभर कीर्ती मिळवणारे पंडित जसराज. त्यांचे बालपण याच शहरात गेले. सुरुवातीला ते तबला वाजवीत. गाणे शिकले ते थोरले बंधू पंडित मणिराम यांच्याकडे. आपल्या मराठी घरांना त्यांचा आणखी एक धागा जवळचा वाटेल: १९६२ साली ते चित्रपती व्ही. शांताराम यांचे जावई झाले.

वडिलांची समाधी अंबरपेठेत आहे. १९७२ साली जसराजांनी वडिलांच्या नावे हैदराबादेत संगीत समारोह सुरू केला. दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस ते कुठेही असले तरी या शहरात येत आणि गात. पुढे समारोहाच्या नावात पंडित मणिराम यांचेही नाव आले. पित्याची आठवण पुरती धरून ठेवण्याइतकेही ज्याचे वय नव्हते, त्याने ती आठवण साऱ्या गावाची केली.

महाराष्ट्रातही ही रीत जुनी आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ साली मद्रासहून पाँडेचरीला जाताना वाटेत एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. तेथे उरुसात चिंचेच्या झाडाखाली गायक-वादक बसतात आणि बिदागीची अपेक्षा न ठेवता सेवा करून जातात. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ साली वारले. दुसऱ्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावे उत्सव सुरू झाला. त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी तो अनेक वर्षे वाढवला. २०११ साली भीमसेनजी गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. म्हणजे ज्याने हजेरी लावली, त्याच्यासाठी पुढच्यांनी हजेरी लावली. आपल्या हैदराबादेतही तेच घडले.

ही भावना केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. दूर आयर्लंडमध्ये विली क्लॅन्सी नावाचे एक प्रसिद्ध पाइपवादक होते. ते १९७३ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या मिलटाउन मालबे या गावी मित्रांनी त्यांच्या नावे उन्हाळी संगीतशाळा सुरू केली. दिवसा मुले शिकतात आणि संध्याकाळी गावातील पबमध्ये वादक टेबलाभोवती गोल करून बसतात. मंच नाही, तिकीट नाही. एकाने धून धरली की ज्याला ती येते तो त्यात मिसळतो. ऐंशी वर्षांच्या आजोबांशेजारी बारा वर्षांची मुलगी फिडल वाजवते. चिंचेच्या झाडाखालची बैठक आणि ही पबमधली बैठक, दोन्हींचा अर्थ एकच: गेलेल्या माणसाचे संगीत थांबू द्यायचे नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हार सुकतो, भाषण विसरते, पण शिकलेली चीज शिकणाऱ्याच्या गळ्यात राहते. म्हणूनच गायक गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरतो. ती गुरूविषयीच्या आदराची आणि नम्रतेची खूण असते. आणि हजेरी एकट्या गायकाची नसते. ऐकणाराही हजर लागतो. ऐकणारेच उरले नाहीत, तर गायकाने गायचे कोणासाठी?

जसराजजी १७ ऑगस्ट २०२० रोजी गेले. वडिलांसाठी दरवर्षी येणारा मुलगा आता येणार नाही. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांनी हे गाव आपले मानले आहे, तर त्याचा हा ठेवाही आपलाच आहे. पालकांनी मुलांना वर्षातून एकदा तरी अशा मैफलीला न्यावे. सगळे समजले नाही तरी चालेल. शांत बसून ऐकायला शिकले तरी पुष्कळ झाले.

विश्वस्तांना आमची एक सूचना आहे. आपल्या दिवंगत शिक्षकांच्या स्मृतिदिनी शाळेच्या सभागृहात सतरंजी अंथरावी, एक तंबोरा, एक पेटी व तबला ठेवावा आणि आजी-माजी विद्यार्थ्यांना येईल ते म्हणू द्यावे. बक्षीस नको, परीक्षक नकोत. ज्यांनी आपल्याला 'हजर' म्हणायला शिकवले, त्यांच्यापुढे एवढी हजेरी तरी आपण लावू या.