कपाटातून न हललेली पुस्तकं

आपण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करता, चर्चासत्राचं पत्रक टेबलावर येऊन पडलंय आणि शोधनिबंधाला विषय सुचत नाही. ‘माहिती तंत्रज्ञान आणि ग्रंथालये’ हा विषय कृपया घेऊ नये. तो दरवर्षी कुणी ना कुणी वाचतोच. एक छोटा प्रश्न घ्यावा: आपली किती पुस्तकं गेल्या पाच वर्षांत एकदाही वाचकाच्या घरी गेली नाहीत?

आधी हे कुणी मोजलंय का, ते पाहावं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने मोजलं होतं. १९६९मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. १९७९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यावर टीकाही भरपूर झाली. भारतातले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

मग नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी तपासायची मोजकी पुस्तकं. दाखल नोंदवहीत २०,००० पुस्तकं असतील, तर दर पन्नासावं घ्यावं. १ ते ५० मधल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. ७ निघाला, तर ७, ५७, १०७ असं पुढे जात ४०० पुस्तकं होतात. ५७ नंबरचं जागेवर सापडलं नाही, म्हणून शेजारचं ५८ उचलायचं नाही. ‘सापडले नाही’ असा शेरा मारावा; तोही निष्कर्षच आहे.

आता देवघेव, म्हणजे पुस्तक दिल्या-घेतल्याच्या नोंदी. खरी फसगत इथेच होते. ग्रंथालयाच्या ‘कोहा’ किंवा ‘सोल’ आज्ञावलीत एखाद्या पुस्तकापुढे शून्य दिसतं. पण संगणक आला तीन वर्षांपूर्वी आणि त्याआधीच्या नोंदी कार्डांवरच राहिल्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहावी, तर ती भरली म्हणून फाडून नवी कोरी चिकटवलेली! म्हणून ज्या वर्षांच्या नोंदी सलग आहेत तेवढीच वर्षं घ्यावीत, पाचाची तीन झाली तरी चालेल, आणि निबंधात तसं लिहावं.

दुसरी चूक वाचनकक्षातली. संदर्भग्रंथ घरी दिलेच जात नाहीत. ते नमुन्यातून वेगळे काढावेत. बाकीची पुस्तकंही मुलं तिथेच चाळतात आणि परत कपाटात खोचतात. ‘पुस्तकं टेबलावरच ठेवा’ अशी पाटी लावून दोन आठवडे संध्याकाळी ती मोजली, तर निदान अंदाज येतो.

हे सगळं तक्त्यात मांडताना वाचकांची नावं मुळीच नकोत.

गोषवारा, म्हणजे निबंधाचा थोडक्यात सारांश, शेवटी लिहावा आणि त्यात आकडा द्यावा. निबंधाची सुरुवात रंगनाथनांच्या १९३१च्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीने करू नये. सभागृहात ती सगळ्यांना पाठ असते.

सादरीकरणाला बहुधा दहाच मिनिटं मिळतात आणि त्यातली दोन माईक सुरू होण्यात जातात. एकच तक्ता दाखवावा. वाचनकक्षातल्या मोजणीचा कागद मात्र खिशात असू द्यावा; पहिला प्रश्न हमखास त्यावरच येतो.