जुनी गाडी घेताना

मालगुंड हे रत्नागिरी जिल्ह्यातले समुद्राकाठचे गाव. गणपतीपुळ्याच्या शेजारी आहे. कवी केशवसुतांचा जन्म याच गावचा. इथे आंबा आहे, काजू आहे, नारळ आहे, मासळी आहे. पण माल झाडावर राहून पैसे होत नाहीत. तो बाजारात पोचला पाहिजे. आंब्याच्या दिवसांत भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही. मिळाली तर भाडे चढे. मग घरात विचार निघतो, ‘आपलीच एक पिकअप घेऊ या का?’

नवी गाडी म्हणजे लाखांचे काम. म्हणून पुष्कळ जण जुनी बघतात. कोणी रत्नागिरीत बघतो. कोणी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. जुनी गाडी घेणे वाईट नाही. पण तिच्यात घरची शिल्लक जाते. कधी घरातले दागिने गहाण पडतात. म्हणून आम्ही एकच गोष्ट सांगतो. गाडीच्या रंगाला भुलू नका. तिचा तळ बघा आणि तिचे कागद वाचा.

आधी तळ बघू. लोखंडाला हवा आणि पाणी लागले की गंज चढतो. पाण्यात मीठ असले तर तो फार लवकर चढतो. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो. ते खारे पाणी खाली चासिसवर ठिबकते. चासिस म्हणजे गाडीचा कणा. सगळा भार त्याच्यावर. वाशांना वाळवी लागावी आणि भिंतीला मात्र चुना काढावा, तशी काही गाड्यांची गत असते. वरून झकास, आतून पोकळ.

म्हणून लाजू नका. खाली पोते अंथरा आणि गाडीखाली शिरा. गाडी सपाट जागी असावी. इंजिन बंद असावे आणि चाकांना दगड लावलेले असावेत. छोट्या हातोडीने चासिसवर हलके ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक. आवाज बद्द आला, पापुद्रे गळाले, तर ती गाडी सोडून द्या. खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर विचारा, ‘हा आताच का मारला?’ खिशात एक लोहचुंबक ठेवा. पत्र्याला लावून बघा. एखाद्या जागी तो चिकटला नाही, तर तिथे पत्र्यावर पुट्टी भरलेली असू शकते.

आता इंजिन. गाडी बघायला सकाळी जा. बॉनेटवर हात ठेवा. ते गार असले पाहिजे. गार इंजिन चटकन सुरू होते का, ते बघा. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवते. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे, असे समजा. मग इंजिनाचा मोठा खर्च पुढे उभा असतो. गाडी सपाट रस्त्यावर नको, चढावर चालवून बघा. आपले रस्ते चढउताराचेच आहेत. उतारावर हँडब्रेक ओढून ती थांबते का, बघा. बरोबर ओळखीचा मिस्त्री न्या. विकणाऱ्याचा मिस्त्री नको.

आता कागद. आरसी म्हणजे गाडीचा सातबाराच. त्यावर मालकाचे नाव असते. समोर उभा असलेला माणूस तोच आहे का? नसेल तर मालकाला भेटल्याशिवाय इसार देऊ नका.

आरसीवर चासिस नंबर असतो. तो सतरा आकडे-अक्षरांचा असतो. तोच नंबर गाडीच्या चासिसवर कोरलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल घासा. नंबर कागदावर उठतो. मग एकेक आकडा आरसीशी ताडून बघा. इंग्रजी अक्षर वाचता आले नाही तरी आकार जुळवता येतो. एक जरी अक्षर वेगळे निघाले, किंवा खोडल्यासारखे वाटले, तर मागे फिरा. इंजिनाचा नंबरही असाच ताडा.

सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटले असले तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा नाहरकत दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म आरटीओत द्यावा लागतो. ‘नंतर देतो’ हे ऐकू नका.

आरसीवर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे, एक भरल्या गाडीचे. समजा, रिकामी 1,700 किलो आणि भरलेली 2,900 किलो. मग माल किती भरता येईल? 1,200 किलो. गाडीतल्या माणसांचे वजनही त्यातच आले. तुमच्या पेट्यांचा हिशेब याच्याशी घाला.

विमा, पासिंग, टॅक्स आणि पीयूसी यांच्या तारखा वाचा. पोलिसांचा दंड थकला आहे का, तेही विचारा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून बरीच माहिती मिळते. घरातल्या शिकत्या मुलामुलीला ती काढायला सांगा. गाडी गोव्याची किंवा कर्नाटकाची असेल, तर तिकडच्या आरटीओचा नाहरकत दाखला हवा. इकडचा टॅक्सही भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरा.

शेवटचे काम सगळ्यांत मोठे. गाडी नावावर करून घ्या. त्यासाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात. बाजारात यांना टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी फिरवणारे लोक आहेत. तो मार्ग धरू नका. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करायला 14 दिवसांत अर्ज करायचा असतो.

विकणाऱ्यालाही हे सांगा. त्याचाही यात जीव अडकलेला आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. गाडी विकली म्हणून तो सुटत नाही. म्हणजे नाव बदलणे दोघांच्याही हिताचे.

सगळे पैसे एकदम रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि पावती घ्या. पावतीवर गाडीचा नंबर, रक्कम, तारीख आणि वेळ लिहून घ्या. सही करण्याआधी पावती स्वतः वाचा. कोणी म्हणेल, ‘अहो, वाचता काय, विश्वास नाही का?’ त्याला हसून सांगा, ‘विश्वास आहे, पण वाचायला शिकलोय ते कशासाठी?’